काठमांडूची दहावी

बसा पाव्हणं. त्या खुर्चीवर नगा बसू, मांडववाल्याची हाय, तिचा एक पाय दगा देतो. हिकडं पलंगावर टेका. च्या येतोय.

मघाशी हळदीच्या गडबडीत तुमच्या थोरल्या बहिणीनं मला एक गोष्ट इचारली. मी उठून चुलीकडं गेलो. त्यास्नी वाटलं आसंल, म्हाताऱ्याला ऐकू आलं न्हाई. ऐकू आलं. आमच्या धंद्यात छाती जाती माणसाची, कान शाबूत राहत्यात. उत्तर देणार हाय मी, पण तुमच्याजवळ देणार, आन् एक गोष्ट सांगून मग देणार. उद्या तुमची सून व्हणार ना आमची बागू, तिच्या आईची गोष्ट हाय. बागूबी हाय तिच्यात. सहा वर्साची व्हती तवा.

तुम्ही बागायतदार माणसं. आमच्या ह्या शेंडगेवाडीला पाणी न्हाई, म्हणून पोरगं मिसरूड फुटायच्या आत गलाईला जायचं. गलाई म्हंजी जुनं सोनं आटवायचं, तेजाबात घालून त्यातला मळ काढायचा. मुलखात जिथं सोनार हाय तिथं आमचा माणूस हाय. मी चौथी नापास होऊन सेलमला गेलो, मागनं शेतीसाठी वाडीला माघारी आलो. माझा धाकटा भाऊ सर्जेराव, तो गेला पार नेपाळात, काठमांडूला. तिथं त्यानं दुकान टाकलं आन् गल्लीतल्या एका सोनाराच्या पोरीशी जमवलं. पोरीच्या बापानं तिचं नाव टाकलं. सर्जा तिला घिऊन सरळ वाडीला आला.

दारात उभी राहिली तवा सारी वाडी बगायला. गोरीपान, बारीक डोळ्यांची, आसं बायका म्हणायच्या, कुणीतरी गाडीतच साडी गुंडाळून दिलेली. आमची आई चौकटीत उभी. माझी एक बहीण व्हती, सुनंदा. ती आदल्या साली तापानं गेलती. आई त्या पोरीकडं लई येळ बगत राहिली आन् म्हणाली, "लग्न मी लावती. पण ही माझी सुनंदा म्हणून ह्या घरात ईल."

झालं. दाराम्होरं मांडव घातला. आपल्याकडं करत्यात तसं ताटात तांदूळ पसरलं, सर्जानं अंगठीनं तीन अक्षरं काढली, बायकांनी पेढं वाटलं. आई त्या दिवशी वर्सानं हसली. वाईट काय व्हतं त्यात? कायबी न्हाई.

मग दोघं माघारी काठमांडूला गेली. तिकडंच बागू झाली. आन् पोरगी सहाची व्हायच्या आत सर्जाची छाती गेली. तेजाबाचा धूर. तार आली तवा तिकडच्या आमच्या माणसांनी त्याला नदीकाठी पोचवलाबी व्हता. भावजय ट्रंक आन् पोरगी घिऊन वाडीला आली.

आता मी तिचा भासरा. थोरला दीर. आमच्यातली रीत आशी की भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं न्हाई, तिनं त्याच्याम्होरं तोंड उघडायचं न्हाई. मी खोकून घरात शिरायचो, ती पदर ओढून भिताडाकडं वळायची. काय लागलं-सवरलं तर मधी बागू.

"तात्या, आई म्हणती काड्यापेटी संपली."

"आणतो म्हणावं."

बास. यवढंच आमचं बोलणं. तिचं त्वांड कसं हाय, हे मला धड ठावं न्हवतं.

घरात दोन घास जड न्हवते. पण आमच्या कारभारणीची जीभ तिखट, आन् माझी चार पोरं. ताट वाढताना काय काय बोललं जायचं ते मी ऐकायचो आन् बाहेर जायचो. त्यातच तिच्या भावाचा काठमांडूवरनं सांगावा आला. तू यी, पोरगी त्यांची त्यांस्नी ठिव. आई म्हणाली, "तिला जायचं तर जाऊंदे. बागू माझ्या सर्जाची हाय, ती न्हाई जायची."  तीन दिस भावजयीनं भाकरी खाल्ली न्हाई, यवढं मला बागूनं सांगितलं.

आन् तवाच वाडीतली अंगणवाडीची बाई रिटायर झाली. चावडीवर कागद लागला. गावातलीच बाई पायजे, दहावी पास पायजे, इधवा आसली तर आदी तिला. आमच्या वाडीत दहावी पास बाई कुठली! सरपंच म्हणाला, बाहेरची यील आता कुणीतरी, एस्टीनं यील, एस्टीनं जाईल.

सांजच्याला मी बैल बांधत व्हतो. बागू आली, हातात प्लाष्टिकची पिशवी.

"तात्या, आई म्हणती, आई दहावी पास हाय."

"कोण आई?"

"माझी आई. काठमांडूत. हे बगा."

पिशवीत इंग्रजी कागद, वर कसलातरी शिक्का. मला इंग्रजी म्हंजी डोंगर. कागद उलटा धरला का सुलटा, हे शिक्क्यावरनं ठरवलं. पण गोठ्याच्या भिताडाआड ती उभी व्हती. पदराचं टोक दिसत व्हतं, आन् ते हालत न्हवतं.

म्हटलं, "आईला म्हणावं, उद्या तालुक्याला, इट्याला जाऊन दावतो."

इट्याच्या हापिसातला माणूस भला व्हता. म्हणाला, "तात्या, दहावी असेल हो. पण परदेशातली. ती आपल्या दहावीइतकीच आहे, असं पुण्याच्या ऑफिसनं लिहून दिलं तर मी अर्ज घेतो. शनिवारी बारापर्यंत. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही."

त्या दिवशी बुधवार.

बेस्तरवारी पहाटंच्या एस्टीनं निघालो. मी खिडकीला, मधी बागू, पल्याड भावजय. पिशवीत घरातला झाडून सारा कागद घेतलता. रेशनकार्ड, सर्जाचा मृत्यूचा दाखला, वर हळदीकुंकू सुकलेली लग्नाची पत्रिकाबी.

"बागू, तुझ्या तात्यास्नी म्हणावं, वारं लागतंय, खिडकी लावा."

"तात्या, खिडकी."

"आईला म्हणावं, काच अडकलीया."

"आई, काच."

कंडक्टर बगायला लागला. म्हणाला, "पाव्हणं, भांडलाय काय?"

साताऱ्याच्या अलीकडं बागू झोपली. आता आली का पंचाईत! मधला माणूसच झोपला.  मग भावजय मांडीवरच्या डब्याकडं बगून डब्याला म्हणाली, "भाकरी हाय म्हणावं. भूक लागली आसंल."

मी खिडकीला म्हटलं, "पोरगी उठल्यावर खाऊ."

 गाडीनं घाट धरला तशी ती डब्यालाच म्हणाली, आन् ह्या बारीला आवाज बदलला व्हता, "बागूला म्हणावं, आईला हे काम मिळालं पायजे. मग आईला कुणी जा म्हणणार न्हाई, आन् बागूला ठिव म्हणणार न्हाई."

  मी ती अडकलेली काच जोर लावून वढली, तवा बसली.

पुण्यातलं ते हापिस जुन्या दगडी बिल्डिंगीत व्हतं. खिडकीवर गोसावी म्हणून क्लार्क. पान खाल्लेला, गमत्या माणूस. त्यानं कागद घेतला, चष्मा वर केला, आन् म्हणाला, "काका, ह्या बाई पास कधी झाल्या?"

"झाली की. मागंच."

"मागं कुठली? दोन हजार चव्वेचाळीस साल लिहिलंय इथं! अजून पंचेचाळीस वर्षं आहेत पास व्हायला. तोवर मी रिटायर होतो, मग या."

मागं रांगंतली माणसं हसली.  मी बागूकडं बगितलं, बागूनं आईकडं.

"बागू, सायबास्नी म्हणावं, आमच्याकडं इक्रम संवत. त्यातनं सत्तावन्न काढायचं."

बागूनं सत्तावन्न सांगितलं. गोसाव्यानं बोटं मोजली. आतल्या केबिनीतनं बाईमाणसाचा आवाज आला, "गोसावी, दिवाळीला पंचांग आणता ना घरी? ते नुसतं भिंतीला लावायला आणता का? पाठवा त्यांना आत."

त्या खरातबाई. तिथल्या सायेब. पांढरी सुती साडी, केस बारीक कापलेलं, टेबलावर फाइलींचा ढीग. आम्हास्नी बसवलं. मी बसलो, भावजय उभीच. भासऱ्याम्होरं बसायचं कसं? बाईंनी तिच्याकडं एकदा बगितलं, माझ्याकडं एकदा. कागद वाचला, कपाटातनं एक जाड पुस्तक काढलं, त्यात बोट फिरवलं.

"हे प्रमाणपत्र खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही परीक्षा आपण दहावीच्या बरोबरीची धरतो. मान्यता द्यायला मला काही अडचण नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठलोच.

"बसा. मान्यता देते, पण कुणाला देऊ?"

"हिला की."

"ह्या बाई सुनंदा सर्जेराव सूर्यवंशी. तुमच्या रेशनकार्डावर तेच, दाखल्यावर तेच. प्रमाणपत्रावर दुसरंच नाव आहे. ती मुलगी आणि ह्या बाई एकच, हे मी कशावरून धरू?"

मी म्हटलं, हात्तिच्या, यवढंच व्हय! पिशवीतनं पत्रिका काढली आन् टेबलावर ठेवली. "ही बगा. लग्नाची. छापलेली हाय."

बाईंनी मोठ्यानं वाचली. "चिरंजीव सर्जेराव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी... सुनंदा." पत्रिका खाली ठेवली. "लग्नाच्या आधीच नाव बदललंत?"

तवा माझ्या ध्यानात आलं. पत्रिका छापायला टाकायच्या आदीच आईनं नाव ठरवलेलं. भावकीनं पत्रिका वाचून हसायला नगं, म्हणून नवंच छापलं. मुलीच्या बापाचं नावबी न्हाई, त्यानं तर संबंधच तोडलेला.

"लग्न कुठं नोंदवलंय?"

"दारात झालं, बाई. साऱ्या गावानं जेवाण केलं."

बाईंनी चष्मा काढला. मग भावजयीला म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा. मुलीला राहू द्या." ती गेली. अर्ध्या फळीचं दार व्हतं ते. फळीच्या खाली तिचं पाय दिसत व्हतं.

"सूर्यवंशी, तुम्ही घरचे कर्ते. ही तीच मुलगी, असं शपथेवर लिहून द्याल?"

"देतो की. म्हणाल तितक्या कागदांवर देतो."

"मग मला सांगा. लग्नाच्या आधी हिचं नाव काय होतं?"

पाव्हणं, वरचा पंखा करकरत व्हता. 

मी डोकं खाजवलं. टेबलावर कागद पालथा, त्यावर बाईंचा हात. आन् सुलटा आसता तरी काय, मला इंग्रजी येतं कुठं. मी मनात सारी माणसं धुंडाळली. आई काय म्हणायची? सुनंदा. माझी बायको काय म्हणायची? ते सांगण्याजोगं न्हाई. सर्जा काय म्हणायचा? ऐकलंच न्हाई कधी. धा वर्सं ती आमच्या घरची, आन् माझ्या कानावरनं ते नाव एकदाबी गेलं न्हवतं.

"सुनंदा," मी म्हणालो.

"ते नंतरचं."

बाईंनी बागूला जवळ घेतलं. "बाळ, तुझ्या आईचं नाव काय?"

बागू ताठ उभी राहिली, शाळंत कविता म्हणत्यात तशी. आजीनं घोकून घेतलेलं. "सुनंदा सर्जेराव सूर्यवंशी!"

"हो. आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आदी?" बागूनं इचार केला. "त्याच्या आदी आई न्हवती."

फळीखालचं पाय हाललं. दार उघडलं. भावजय आत आली, आन् येताना तिच्या डोक्यावरचा पदर पडला. मला वाटलं घील. तिनं घेतला न्हाई. धा वर्सांत पयल्यांदा मी तिचं त्वांड समोरनं बगितलं. डोळं लाल, पण आवाज नीट. बाईंकडं न्हाई, माझ्याकडं बगून बोलली.

"भाऊजी, माझं नाव अष्टमाया. अष्टमीला झाले, म्हणून बानं ठेवलं. अष्टमाया शाक्य." मग बागूकडं वळली. "आदीबी व्हती गं आई. शाळंत जायची. दोन येण्या घालून."

खरातबाईंनी कागद सुलटा केला आन् माझ्यापुढं सरकवला. मला वाचता येत न्हवतं, तरी मी बगितला.

"बाई, मला पटलं," त्या भावजयीला म्हणाल्या. "पण मला पटून सही होत नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? एक साक्षीदार सासरचा, ते हे आहेत. दुसरा असा आणा, जो तुम्हाला लग्नाआधीपासून ह्या नावानं ओळखतो. उद्या पाच वाजेपर्यंत मी इथं आहे. परवा मी रजेवर आहे."

बाहेर पायरीवर आलो. भावजय बागूला म्हणाली, "तात्यास्नी म्हणावं, चला माघारी. काठमांडू कुठं, पुणं कुठं. कोण यायचं साक्षीला."

बागू माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "बागू, तू गप. अगं, तिला कशाला सांगतीस? मी हितं हाय न्हवं? मला सांग."

ती दचकली. मीबी दचकलो. पायरीवरनं एक शिपाई जात व्हता, त्याला काय त्याचं? पण माझं कान तापलं व्हतं, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यागत.

"काठमांडूत तुझ्या गल्लीत आमच्यातलं कोण कोण व्हतं?" मी इचारलं.

ती भिताडाकडं वळली न्हाई. उभी राहून आठवायला लागली. "तीन दुकानं. तुमचे भाऊ. एक कदम, ते वारले. आन् आबा माने. आमच्या दाराच्या समोरच त्यांची भट्टी. मी ल्हान आसल्यापासनं. दोन वर्सांमागं दुकान मोडून गेले, कुठं ते ठावं न्हाई."

"आबा माने? नेवरीचा? चांदीचं कडं घालतो तो?"

"व्हय."

"आगं, तो तर हितं पुण्यातच हाय! रविवार पेठंत भाच्याच्या दुकानात बसतो!"

आमच्या धंद्याची येवढी एक गोष्ट बरी हाय, पाव्हणं. माणूस कुठंबी जाऊंदे, कुणाच्या ना कुणाच्या भट्टीम्होरं घावतोच.

रविवार पेठंतली ती बोळ तुम्ही बगितली न्हाई. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पायरीवर चढायचं. धूर, कोळशाचा वास, भात्याचा आवाज. आबा दुकानाबाहेर स्टुलावर बसलता, गळ्यात मफलर, बोटं तेजाबानं पिवळी पडलेली. मी हाक मारणार, तोवर त्याची नजर माझ्या मागं गेली. डोळं बारीक केलं. आन् बोळभर ऐकू जाईल आसा वरडला:

"आष्टे! आगं आष्टे! बाचा डबा आज बी इसरलीस व्हय गं?"

भावजय हसली. पाव्हणं, मी तिला हसताना कधी बगितलं न्हवतं. मोठ्यानं हसली, शाळंतल्या पोरीगत, तोंडावर हात न घेता. मग तिथंच पायरीवर बसली आन् हसता हसता रडायला लागली. बागू घाबरली. आबा उठून आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "रोज डबा घिऊन यायची बाचा, आन् रोज माझ्या भट्टीवर ठिवून शाळंला पळायची. मीच पोचवायचो तो. तिचा बा म्हणायचा, माने, आमची आष्टी कागदाच्या मागं वेडी हाय." मग माझ्याकडं बगितलं. "सर्जाचं कळलं मला. तू नीट ठेवलंस न्हवं हिला?"

मी म्हटलं, "चल आबा, उद्या एका हापिसात यायचं हाय."

रात्री आबाच्या भाच्याकडंच टेकलो. दुसऱ्या दिवशी आबा धोतर बदलून, टोपी घालून आला. गोसाव्यानं मशिनीवर कागद बडवला. आदी आबाची साक्ष झाली. मग माझी. खरातबाई म्हणाल्या, "नुसती सही नको, आधी तोंडानं सांगा. पूर्ण नाव घेऊन. मी ऐकते, मग सही करा."

आता बगा. आमच्यात भासऱ्यानं भावजयीचं नाव घ्यायचं न्हाई. आमच्या आज्यानं घेतलं न्हाई, बानं घेतलं न्हाई. ती समोर उभी. आबा उभा. गोसावीबी मशिनीवरनं हात काढून बगत व्हता. मी घसा खाकरला.

"तात्या, पाणी?" बागू म्हणाली.

"नगं." आन् मी बोललो. "मी जोतीराम दाजी सूर्यवंशी, शपथेवर सांगतो की माझ्या भावाची बायको सुनंदा, आन् काठमांडूची अष्टमाया शाक्य, ही येकच बाई हाय. तिचं नाव अष्टमाया हाय."

शेवटचं वाक्य कागदात न्हवतं. बाईंनी गोसाव्याला खूण केली, त्यानं तेबी बडवलं.

शिक्का पडला. गोसावी भावजयीला म्हणाला, "घ्या बाई, चव्वेचाळीस सालच्या आत पास केलं तुम्हाला."

शनिवारी बाराच्या आत इट्याला कागद दिला. ती सारी धावपळ सांगत बसत न्हाई, मिळालं काम. पण घरी आल्यावर आईनं इचारलं, "कागद झाला का?" मी म्हटलं, झाला. "त्याच्यावर काय नाव हाय?" मी सांगितलं. आई चुलीकडं बगत राहिली. मग म्हणाली, "माझी सुनंदा पुसून आलास व्हय रं?" आन् दोन दिस ती माझ्याशी, तिच्याशी, कुणाशीच बोलली न्हाई.  

कामावर जायचा पयला दिवस. भावजय नवी साडी नेसून, रजिस्टर काखंत धरून उंबरा उतरली. चार घरांच्या बायका दारात. ती पाणंदीला लागली आन् मागनं आईचा आवाज आला. म्हातारी हातात डबा घिऊन चौकटीत उभी. नाव जिभंवर बसंना तिच्या. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"आष्टे," आई म्हणाली. "डबा इसरलीस."

भावजय माघारी आली, डबा घेतला.  आई मरंपर्यंत तिला त्याच नावानं हाक मारत राहिली, आन् शेवटी तिच्याच हातचं पाणी पिऊन गेली.

आता ती तिकडं तुमच्या बायकांत बसलीया, हिरवी साडी, चष्मा, तीच. निम्म्या वाडीची अक्षरं तिच्या हाताखालनं गेली. अष्टाबाई म्हणत्यात तिला सारी.

च्या गार झाला तुमचा. दुसरा सांगू? ऱ्हाऊंदे? बरं.

तुमच्या बहिणीनं काय इचारलं, ते सांगतो आता. म्हणाल्या, "तात्या, मुलीचं नाव जरा नदीसारखं वाटतं हो, जुनं. आम्ही सानिका ठरवलंय. चालेल ना?" चांगलं नाव हाय. त्यास्नी मी दोष देत न्हाई. आमच्या आईनंबी चांगलंच ठेवलं व्हतं, मायेनं ठेवलं व्हतं.

पण नदीसारखं वाटतं, कारण नदीच हाय ती. काठमांडूतली. आमच्या सर्जानं पोरीला तिचं नाव दिलं, आन् सर्जाला जाळला तो तिच्याच काठावर. मी तिथं गेलो न्हाई कधी. मला ती नदी म्हंजी ही पोरगी. अंगणवाडीच्या पाटीपासनं नर्सिंगच्या डिग्रीपर्यंत प्रत्येक कागदावर तिच्या आईनं स्वतः बगून घेतलंय, बागमती सर्जेराव सूर्यवंशी. आडनाव तुमचं लागंल, लागू द्या. ती रीत हाय आन् बरी हाय.

उद्या तुमच्या घरी ताट येईल. तांदूळ पसरा, पेढं वाटा, बायकास्नी हसू द्या, कायबी कमी करू नगा. अंगठी मी माझ्या हातानं सोनं आटवून केलीया, ती पोराच्या बोटात हाय. त्या अंगठीनं त्याला तांदळात लिहू द्या. फकस्त येवढं करा पाव्हणं, हात जोडतो. त्याला बागमतीच लिहू द्या. आन् तुमच्या बहिणीला ते तुम्ही सांगा, मला जमायचं न्हाई.